फुलोऱ्याची राखण

डिसेंबर २०१६ मध्ये कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या एका परवानाधारक उत्पादकाला विकलेला गांजा परत मागवावा लागला. त्या वेळी कॅनडात फक्त औषधी गांजा कायदेशीर होता, म्हणजे तो घेणारे रुग्ण होते. कोणी केमोथेरपीनंतरच्या मळमळीवर घेत होते, कोणी वर्षानुवर्षांच्या दुखण्यावर. तपासणीत त्यात मायक्लोब्युटॅनिल आणि बायफेनाझेट ही दोन रसायनं निघाली. पहिलं भुरीवर मारतात, दुसरं कोळ्यावर. त्या उत्पादकाकडे सेंद्रिय शेतीचं प्रमाणपत्र होतं. त्याच सुमारास ऑन्टारिओतल्या आणखी एका उत्पादकाच्या मालातही मायक्लोब्युटॅनिल सापडलं आणि गांजावर कीड पडली तर करायचं काय, हा प्रश्न वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला.

मायक्लोब्युटॅनिल हे नाव नाशिकच्या किंवा सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला परकं नाही. भुरीवरचं ते जुनं, परिचयाचं औषध. शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस थांबून घड काढायचे, फळात किती अंश चालतो, याचे नियम ठरलेले आहेत. पण द्राक्ष खाल्लं जातं आणि गांजाचं फूल बहुतेक वेळा जाळलं जातं. मायक्लोब्युटॅनिल जळलं की त्यातून हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू सुटू शकतात. खाल्लेल्या पदार्थातल्या अंशाला यकृताची चाळणी असते, धुरातला अंश फुप्फुसातून सरळ रक्तात उतरतो. २०१३ साली ‘जर्नल ऑफ टॉक्सिकॉलॉजी’मध्ये आलेल्या एका अमेरिकी अभ्यासात गांजावर मुद्दाम लावलेली कीडनाशकं धुरात किती उतरतात हे मोजलं होतं. काचेच्या साध्या चिलमीतून ओढलेल्या धुरात ती ६९.५ टक्क्यांपर्यंत सापडली. पाण्यातून धूर ओढला तरी, मध्ये गाळणी नसेल तर, त्यांचा बराच भाग धुरात उतरलाच.

या आकड्यामुळे बागकामातला रोजचा प्रश्न उलटा होतो. मिरचीवर मावा आला की माणूस विचारतो, कोणती फवारणी करू? या झाडाच्या बाबतीत आधी विचारायला हवं, फवारणीची वेळच येऊ नये म्हणून काय करू? पुढचं सगळं त्या प्रश्नाचं उत्तर आहे. ते शोधण्याचं काम गेल्या काही वर्षांत कॅनडातल्या मोठ्या हरितगृहांइतकंच तिथल्या तळघरांत आणि परसांत चालू आहे.

१७ ऑक्टोबर २०१८ रोजी कॅनडात प्रौढांसाठी गांजा कायदेशीर झाला. नव्या कायद्याने एका घराला चार झाडं लावायची मुभा दिली. माणशी चार नाहीत, घरटी चार. क्वेबेक आणि मॅनिटोबा या दोन प्रांतांनी घरची लागवड नाकारली. क्वेबेकची बंदी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही टिकली. मॅनिटोबाने मात्र आपली बंदी मे २०२५ पासून उठवली. विक्रीच्या मालासाठी जानेवारी २०१९ पासून ९६ कीडनाशकांची सक्तीची तपासणी लागू झाली. घरच्या चार झाडांना ती तपासणी नाही. तिथे शेतकरी, फवारणीवाला, निरीक्षक आणि गिऱ्हाईक ही सगळी कामं एकाच माणसाकडे. दुकानातून ‘नैसर्गिक’ अशी चिठ्ठी लावलेली बाटली आणायची की नाही, हेही त्यालाच ठरवायचं.

आपल्याकडची स्थिती स्पष्ट सांगायला हवी. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली भारतात परवान्याशिवाय गांजाचं झाड लावणं गुन्हा आहे. कुंडीतल्या एका झाडालाही सूट नाही आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंतची आहे. तेव्हा महाराष्ट्रातल्या वाचकासाठी ही लागवडीची माहितीपुस्तिका नव्हे. तरीही ही गोष्ट आपल्या ओळखीची आहे, कारण या झाडावर येणारी मंडळी आपल्याच गुलाबावर, वांग्यावर आणि भेंडीवर येणारी आहेत. शिवाय तिचा एक धागा थेट पुणे आणि सांगली जिल्ह्यांत येऊन पोचतो.

सगळ्यात मोठा शत्रू अर्ध्या मिलिमीटरहून लहान आहे. शेतकरी ज्याला लाल कोळी म्हणतात त्याच कुळातला हा दोन ठिपक्यांचा कोळी. पानाच्या वरच्या बाजूला सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके दिसू लागतात. पान उलटं करून दहापट भिंग धरलं की शिरेच्या कडेला काचेच्या मण्यांसारखी गोल अंडी दिसतात, शेजारी टाकलेल्या काती आणि मधून सावकाश हलणारा, दोन्ही कुशींवर एकेक काळा डाग असलेला हिरवट-पिवळा जीव. तो पेशीत सोंड खुपसून आतला रस ओढतो. एकेक पेशी रिकामी होते, तो एकेक ठिपका. उबदार, कोरड्या हवेत अंड्यापासून अंडी घालणाऱ्या मादीपर्यंतचा प्रवास आठ-दहा दिवसांत उरकतो. एक मादी शंभराच्या आसपास अंडी घालते आणि नराशी संयोग झाला नाही तरी तिच्या अंड्यांतून नर निपजतात. म्हणजे खोलीत एकच मादी शिरली तरी वसाहत उभी राहते. फुलोऱ्याच्या टोकांवर जाळी दिसू लागेपर्यंत डोळ्यांना काही कळलं नसेल, तर उशीर झालेला असतो.

या कोळ्याला विष मारून संपवता येत नाही, हे विज्ञानाने नीट दाखवून दिलं आहे. २०११ साली ऑन्टारिओतल्या वेस्टर्न विद्यापीठाचे मिओद्राग ग्रबिच यांच्या नेतृत्वाखालच्या आंतरराष्ट्रीय गटाने या जिवाचा संपूर्ण जनुकसंच ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला. जेमतेम नऊ कोटी अक्षरांचा तो संच. पण त्यात विषं पचवणाऱ्या जनुकांची मोठी फौज होती आणि त्यांतली काही जिवाणू-बुरशींकडून उचललेली होती. हजाराहून अधिक जातींच्या वनस्पतींवर जगणाऱ्या जिवाला प्रत्येक वनस्पतीचं वेगळं विष पचवावंच लागतं. तीच शिदोरी त्याला कारखान्यातल्या विषांविरुद्ध कामी येते. म्हणून आज मारलेलं औषध पुढच्या हंगामात लागू पडेलच असं नसतं.

त्याच्यावर खरा उतारा आहे दुसरा कोळी. फायटोसियुलस पर्सिमिलिस. नारिंगी, नासपतीच्या आकाराचा, चकाकणारा, लांब पायांचा आणि आपल्या भक्ष्यापेक्षा कितीतरी चपळ. १९५७-५८ च्या सुमारास चिलीहून जर्मनीत आलेल्या ऑर्किडच्या झाडांवर हा पाहुणा आला आणि तिथल्या संशोधक डॉसे यांच्या नजरेला पडला. हा दुसरं जवळपास काहीच खात नाही. दिवसाला डझनावारी अंडी किंवा पाच-सहा प्रौढ कोळी फस्त करतो. अनुकूल हवेत त्याची वाढ भक्ष्यापेक्षा लवकर होते. भक्ष्य संपलं की तोही उपाशी मरतो आणि मागे झाडावर काही उरत नाही. जळणाऱ्या फुलाच्या बाबतीत या ‘काही उरत नाही’ला फार मोल आहे.

पण अटी आहेत. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली गेली की त्याची अंडी सुकतात. कॅनडाच्या हिवाळ्यात हीटर चालू असलेल्या घराची हवा त्याहून पुष्कळ कोरडी असते. म्हणजे शिकारी मागवण्याआधी खोलीत ओलावा आणावा लागतो. दुसरी अडचण झाडाचीच. फुलोरा भरू लागला की त्यावरच्या राळेच्या ग्रंथी इतक्या चिकट होतात की बारीक जिवांचे पाय त्यात रुततात, शिकारी कोळ्याचेसुद्धा. त्यामुळे त्याला सोडायचं ते झाड नुसतं पानांवर असताना. जाळी दिसल्यावर घाईघाईने मागवलेले शिकारी बहुधा वाया जातात आणि मग लोक म्हणतात की जैविक उपाय चालत नाहीत.

या पद्धतीमागे शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि त्याची सुरुवात एका साध्या निरीक्षणाने झाली. १९२६ मध्ये इंग्लंडच्या हर्टफर्डशर परगण्यात टोमॅटोवरच्या पांढऱ्या माशीच्या पिलांत काही काळी पडलेली दिसली. चेशंटच्या संशोधन केंद्रातले कीटकतज्ज्ञ स्पेयर यांनी ती जपून ठेवली. आतून एन्कार्सिया फॉर्मोसा नावाची बारीक गांधीलमाशी निघाली, ती पांढऱ्या माशीच्या पिलात अंडं घालते. १९३० च्या दशकात त्या केंद्रातून अशी लाखो पिलं हरितगृहांना जात, अगदी कॅनडा आणि ऑस्ट्रेलियापर्यंत. मग युद्धानंतर डीडीटी आलं आणि सगळं मागे पडलं. ते परत आलं कीडनाशकांनी हात टेकले तेव्हा. नेदरलँड्समधला काकडी पिकवणारा यान कोपर्ट याला फवारणीच्या औषधांची ॲलर्जी झाली. १९६७ च्या सुमारास तो शिकारी कोळ्यांकडे वळला आणि त्यातून जगातला मित्रकीटकांचा एक मोठा उद्योग उभा राहिला. गांजा कायदेशीर झाला तेव्हा कॅनडातल्या हरितगृहांत टोमॅटो, काकडी आणि ढोबळी मिरचीवर हे शास्त्र आधीच मुरलेलं होतं.

घरी चार झाडं लावणाऱ्यालाही आता हे जीव टपालाने मिळतात. फुलकिड्यांसाठी वापरतात त्या क्युक्युमेरिस कोळ्याची पुडी बघण्यासारखी असते. चहाच्या पिशवीएवढी कागदी पुडी, वर अडकवायला आकडा आणि एका बाजूला टाचणीच्या टोकाएवढं भोक. आत कोंडा, कोंड्यावर जगणारे निरुपद्रवी कोळी आणि त्यांना खाणारे शिकारी. शिकाऱ्यांची वीण आतच चालू राहते आणि ते महिनाभर, कधी सहा आठवडे, एकेक करत भोकातून बाहेर पडून फांदीवर पसरतात. पुडी फांदीच्या सावलीत, पानाला टेकलेली ठेवायची. दिव्याखाली ती तापली की आतली वस्ती मरते.

काही जण एक पाऊल पुढे जातात आणि गांजाशेजारी ‘ब्लॅक पर्ल’ नावाची शोभेची मिरची ठेवतात. तिच्या परागांवर ओरियस हा शिकारी ढेकूण जगतो आणि कीड नसलेल्या दिवसांतही तो तिथे टिकून राहतो. आपल्याकडे कपाशीच्या कडेने चवळी लावतात ती याच हिशेबाने, मित्रकीटकांना आधी घर मिळावं म्हणून. बंदिस्त खोलीत मात्र एक पेच पडतो. गांजा फुलावा म्हणून दिवा बारा तासांवर आणला की ओरियसला वाटतं हिवाळा आला, आणि त्याची वीण थांबते. बाहेरच्या बागेत जून-जुलैत तो उत्तम काम करतो, आत दिव्याखाली फुलोऱ्याच्या काळात त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

ढालकिड्यांबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. लाल पाठीवर काळे ठिपके असलेले, डबीत भरून विकले जाणारे हे किडे सगळ्यांना आवडतात. उत्तर अमेरिकेत विकले जाणारे बहुतेक ढालकिडे कॅलिफोर्नियाच्या डोंगरांतून, हिवाळ्यात घोळक्याने निजलेले असताना, गोळा केलेले असतात. सोडले की बहुसंख्य उडून जातात. बरोबर आपले परजीवी घेऊन येतात आणि स्थानिक ढालकिड्यांना देतात. मावा खरंच आला असेल तर ॲफिडियस गांधीलमाशी बरी. ती ज्या माव्यात अंडं घालते तो फुगून तपकिरी होतो आणि आपलं काम झालं का, हे मोजता येतं.

आणि कुंडीतली चिलटं? मातीवर घिरट्या घालणारी ही काळी चिलटं जवळपास नेहमी जादा पाण्याने येतात. वरचा दोन बोटं थर वाळू दिला, पिवळे चिकट सापळे लावले आणि मातीत स्टायनर्नेमा हे सूत्रकृमी पाण्यातून सोडले की प्रश्न मिटतो.

आता कडुलिंब. घरच्या बागकामात त्याच्याइतकं लाडकं नाव दुसरं नाही, कॅनडातसुद्धा. तिथे मात्र निंबोळी तेलाची कीडनाशक म्हणून नोंदणीच नाही. ते दुकानात पानांना चकाकी आणणारं म्हणून विकलं जातं आणि लोक ते फवारतात. विक्रीच्या गांजावर ज्या ९६ रसायनांची तपासणी होते त्यांत कडुलिंबातलं ॲझाडिरॅक्टिनही आहे. म्हणजे घरातला माणूस जे ‘झाडपाल्याचं’ म्हणून निर्धास्त मारतो, ते व्यापारी मालात सापडलं तर अडचण होते.

कडुलिंबाचा गुण खरा आहे, त्यात शंका नाही. १९५९ मध्ये सुदानात टोळधाडीने सगळं उजाड केलं तेव्हा कडुलिंबाची झाडं तेवढी हिरवी राहिलेली जर्मन कीटकतज्ज्ञ हाइनरिश श्मुटरर यांनी पाहिली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत प्रधान आणि सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराचं पाणी पिकावर मारून टोळ ते खात नाहीत हे दाखवलं. ॲझाडिरॅक्टिन किडीची भूक मारतं आणि तिचं कात टाकणं बिघडवतं. त्यामुळे परिणाम सावकाश दिसतो, आणि उन्हात ते लवकर विरतं.

या कडुलिंबावरूनच म्युनिकमध्ये दहा वर्षं लढाई चालली. १९९४ मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयाने डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी आणि अमेरिकी कृषी खातं यांना निंबोळी तेलाने वनस्पतींवरची बुरशी आवरण्याच्या पद्धतीचं पेटंट दिलं. वंदना शिवा, युरोपीय संसदेतल्या मॅग्दा आल्वूत आणि सेंद्रिय शेती चळवळीच्या लिंडा बुलार्ड यांनी त्याला हरकत घेतली. सुनावणीत निर्णायक ठरली ती एका मराठी माणसाची साक्ष. पुण्यातले उद्योजक अभय फडके यांनी १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांबरोबर निंबोळी अर्काच्या चाचण्या घेतल्या होत्या आणि पेटंटचा अर्ज त्यानंतरचा होता. १० मे २००० रोजी पेटंट रद्द झालं. त्यावरचं अपील ८ मार्च २००५ रोजी फेटाळलं गेलं. शिवारात उघडपणे केलेलं काम युरोपच्या न्यायपीठापुढे पुरावा म्हणून उभं राहिलं, याचा अभिमान प्रत्येक मराठी शेतकऱ्याला वाटायला हवा.

पण त्या चाचण्या पिकांच्या पानांवर होत्या. ओढायच्या फुलावर निंबोळी तेल मारणं ही वेगळी गोष्ट आहे. तेल राळेत अडकून बसतं, धुतलं तरी सुटत नाही, जळताना उग्र वास आणि कडू चव येते, आणि ते फुप्फुसात गेल्यावर काय करतं याचा भरवशाचा अभ्यास झालेला नाही. दुसऱ्या टोकाची एक अफवाही आहे. वर्षानुवर्षं गांजा ओढणाऱ्या काहींना थांबता न थांबणाऱ्या उलट्या होतात, तो आजार खरा कडुलिंबाच्या विषबाधेचा आहे असं काही जण ठासून सांगतात. तसं नाही. तो आजार २००४ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी प्रथम वर्णन केला आणि कडुलिंबाचा थेंबही न लागलेल्या कृत्रिम कॅनाबिनॉइडांनीही तो होतो. अंगणातला कडुलिंब दोषी नाही. त्याचं तेल फुलोऱ्यावर मारू नये, एवढंच.

भुरीचा प्रश्न कोळ्यापेक्षा बिकट, कारण दोघांच्या आवडी उलट आहेत. कोळ्याला कोरडी हवा लागते, भुरीला दमट आणि कोंदट. शिकारी कोळ्यासाठी ओलावा वाढवायला जावं तर पानावर पिठासारखी बुरशी उमटते. इथे हात लागतो तो वाऱ्याचा. ब्रिटिश कोलंबियातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाचे झमीर पुंजा यांनी गांजाच्या रोगांवर अनेक वर्षं काम केलं आहे. भुरी, मुळांची सड, फुलोऱ्याची सड यांची ओळख पटवण्याचं बरंचसं श्रेय त्यांच्या प्रयोगशाळेला जातं. पानं विरळ करणं, झाडांत अंतर ठेवणं, छोटा पंखा सतत फिरता ठेवणं हे उपाय वरवर किरकोळ वाटतात, पण जिथे बुरशीनाशक मारायचंच नाही तिथे तेच मुख्य औषध ठरतात. त्यापलीकडे पोटॅशियम बायकार्बोनेटचं पाणी आहे, त्याने पानाचा पृष्ठभाग अल्कधर्मी होतो आणि बुरशीला तो मानवत नाही. दुधाचा उपायही भाकडकथा नाही. ब्राझीलच्या वाग्नर बेत्तिओल यांनी १९९९ मध्ये हरितगृहातल्या झुकिनीवर दहा टक्के किंवा अधिक दूध मिसळलेलं पाणी फवारून भुरी आटोक्यात आणली होती. हे दोन्ही उपाय पानांच्या काळातले. एकदा फुलोरा धरला की दूध म्हणजे दुसऱ्या बुरशीला आमंत्रण.

ती दुसरी बुरशी बॉट्रायटिस, द्राक्षाचे घड कुजवणारी करडी बुरशी. कॅनडात बाहेर लावलेलं झाड ऑगस्टमध्ये फुलायला लागतं आणि सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरमध्ये पिकतं, म्हणजे नेमकं पाऊस, धुकं आणि दवाच्या दिवसांत. फुलोरा जितका घट्ट आणि भरदार, तितका आतला ओलावा अडकलेला. बाहेरून सगळं टवटवीत दिसत असतं. मग एका फुलोऱ्यातलं एकच बारीक पान पिवळं पडतं. बोटांनी हलकं ओढलं की ते सहज सुटून हातात येतं आणि देठाशी करडी लव दिसते. आत दाबून पाहिलं तर तपकिरी, भुसभुशीत. याला कोणतीही फवारणी नाही, नैसर्गिक नाही आणि रासायनिकही नाही. सडक्या भागाच्या खाली दोन-तीन सेंटिमीटर निरोगी देठासकट कापायचं, पिशवीत बंद करून टाकायचं, कात्री अल्कोहोलने पुसायची आणि मगच पुढच्या फांदीला हात लावायचा. उरलेलं ‘बरं दिसतंय’ म्हणून वाळवून ठेवणं आजारी माणसासाठी धोक्याचं, कारण दमट फुलांवर ॲस्परजिलसही वाढतो आणि प्रतिकारशक्ती खचलेल्या रुग्णाच्या फुप्फुसात तो जीवघेणा संसर्ग करू शकतो. जाणते लोक म्हणूनच लवकर पिकणाऱ्या जाती निवडतात, पावसानंतर झाडं हलवून पाणी झटकतात आणि वर पारदर्शक छत घालतात.

कीड घरात शिरते ती बहुतेक वेळा दारातून, हातात धरून. मित्राने दिलेलं कलम, त्याच्या पानाखाली चार अंडी. कलमांतून हॉप लेटंट व्हायरॉइड हा विषाणूसदृश रोगकारकही पसरतो. त्याने झाड मरत नाही, पण खुजं राहतं आणि फुलोरा हलका भरतो. म्हणून नवं रोप दोन आठवडे दुसऱ्या खोलीत ठेवायचं आणि रोज पानं उलटी करून भिंगाने पाहायचं. बागेत काम करून आलेल्या कपड्यांनी आतल्या झाडांकडे जायचं नाही. हंगाम संपल्यावरही काम उरतं. दिवस लहान झाले की कोळ्याच्या माद्या खाणं सोडतात, रंग बदलून केशरी होतात आणि भिंतीच्या फटीत, कुंडीच्या काठाखाली, दोरीच्या गाठीत जाऊन निजतात. फुलोऱ्याच्या बारा तासांच्या दिव्यानेही तेच होतं. झाडं काढल्यावर खोली स्वच्छ दिसते, पण त्या तिथेच असतात. फटी व्हॅक्यूमने ओढून घ्यायच्या, भिंती आणि कुंड्या साबणाच्या पाण्याने घासायच्या, जुन्या दोऱ्या आणि काठ्या फेकून द्यायच्या आणि पुढचं रोप आणण्याआधी खोली काही दिवस उबदार आणि रिकामी ठेवायची. उबेने जाग्या झालेल्या माद्यांना तिथे खायला हिरवं काही सापडत नाही.